करार संपला की माणूस मोकळा

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की पेठेतल्या कट्ट्यांवर एकच प्रश्न फिरू लागतो : "सही कुणाकडं केलीस?" सही म्हणजे संघाच्या नोंदणीच्या कागदावरची सही. ती एकदा केली की त्या हंगामापुरता माणूस त्या तालमीचा, त्या मंडळाचा. मी नऊ हंगाम डाव्या बाजूला बचावफळीत खेळलो. दहावा हंगाम शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून काढला. ते १९९० साल होतं, मी एकवीस वर्षांचा होतो. दुसऱ्या एका संघाने बोलावलं होतं आणि मला जायचं होतं. जुन्या संघाच्या कारभाऱ्यांनी माझा कागद अडवून ठेवला. "आमच्यात वाढलेलं पोरगं, जातंय कुठं?" एवढंच त्यांचं म्हणणं. त्यात पैशाचा प्रश्नच नव्हता. पण एकविसाव्या वर्षीचा हंगाम पुन्हा मिळत नाही. ती सल अजून जात नाही.

पुढे मी वकील झालो. गेली अठ्ठावीस वर्षं कामगारांचे दावे चालवतो. थकलेला पगार, बेकायदा कमी केलेली माणसं, कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या हे माझं रोजचं काम. या कामातच एका खटल्याचा निकाल वाचायला मिळाला आणि कळलं, की ज्या वर्षी माझा कागद अडला, त्याच वर्षी बेल्जियममधल्या लिएज शहरात आणखी एका खेळाडूचा कागद अडला होता. माझं त्यात एक वर्ष गेलं. त्याची सगळी कारकीर्द गेली. पण त्याने जगभरच्या फुटबॉलचा कायदा बदलला.

त्याचं नाव ज्याँ-मार्क बोसमन. हा कुणी पेले-मॅराडोना नव्हता, मधल्या फळीत खेळणारा बऱ्यापैकी खेळाडू होता. १९८८ मध्ये आरएफसी लिएज या क्लबने त्याला ३० लाख बेल्जियन फ्रँक देऊन घेतलं. करार दोन वर्षांचा, जून १९९० मध्ये संपणारा. बोनस धरून महिन्याला सरासरी १ लाख २० हजार फ्रँक त्याच्या हातात पडत. करार संपत आला तेव्हा, एप्रिलमध्ये, क्लबने नवा करार पुढे केला : एक वर्ष, महिन्याला ३० हजार. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने ठरवलेला हा किमान पगार होता. चार आण्यांत काम कर, असाच त्याचा अर्थ. बोसमनने नकार दिला.

आता कुठल्याही कारखान्यात काय झालं असतं? करार संपला, नव्या अटी पटल्या नाहीत, माणूस दुसरीकडे गेला. फुटबॉलमध्ये तसं नव्हतं. करार संपला तरी खेळाडूच्या नोंदणीवरचा क्लबचा हक्क संपत नसे. जो नवा क्लब त्याला घेईल त्याने जुन्या क्लबला मोबदला द्यायचा. बेल्जियममध्ये हा मोबदला काढायचं गणितही ठरलेलं होतं. खेळाडूच्या वार्षिक उत्पन्नाला त्याच्या वयानुसार एका आकड्याने गुणायचं. वय जितकं कमी, तितका आकडा मोठा. या गणिताने बोसमनची किंमत निघाली १ कोटी १७ लाख ४३ हजार फ्रँक. ज्याला क्लब महिना ३० हजारांच्या लायकीचा समजत होता, त्याचीच विकताना ही किंमत.

फ्रान्सच्या दुसऱ्या गटातला डंकर्क हा क्लब त्याला घ्यायला तयार झाला. महिना सुमारे १ लाख फ्रँक आणि सही केल्याबद्दल ९ लाख. दोन्ही क्लबांचंही ठरलं : एका वर्षासाठी १२ लाख, कायमचं घ्यायचं झाल्यास आणखी ४८ लाख. फक्त एक कागद बाकी राहिला, ट्रान्सफर सर्टिफिकेट. तो २ ऑगस्टच्या आत, म्हणजे हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी, फ्रान्सच्या संघटनेकडे पोहोचायला हवा होता. डंकर्क पैसे देऊ शकेल की नाही अशी शंका आरएफसी लिएजला आली आणि त्यांनी तो कागद पाठवायला सांगितलंच नाही. व्यवहार मोडला. ३१ जुलैला क्लबने बोसमनला निलंबित केलं. नवा क्लब मिळाला नाही आणि जुन्याने दार लावून घेतलं.

८ ऑगस्ट १९९० रोजी बोसमनने लिएजच्या न्यायालयात दावा लावला. वकील होता ज्याँ-लुई द्युपाँ, नवखा तरुण. दावा स्थानिक न्यायालयातून वर चढत थेट लक्झेंबर्गला, युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. मूळ प्रश्न साधा होता. युरोपच्या करारातील ४८व्या कलमाने प्रत्येक कामगाराला एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन काम करण्याचं स्वातंत्र्य दिलं होतं. फुटबॉलपटू कामगार आहे की नाही?

क्लब आणि संघटनांचं उत्तर असं, की खेळ वेगळा आहे, त्याला बाजाराचे नियम लावू नका. मोबदला बंद झाला तर मुलं घडवणारे लहान क्लब मरतील. हा युक्तिवाद पोकळ नव्हता, त्याकडे पुढे वळेन. पण १५ डिसेंबर १९९५ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की पगार घेऊन खेळणारा माणूस कामगारच आहे. युरोपीय संघातल्या खेळाडूचा करार संपला की दुसऱ्या सदस्य देशातल्या क्लबकडे जाताना त्याच्यासाठी मोबदला मागता येणार नाही. शिवाय युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना 'परदेशी' ठरवून संघात किती खेळवायचे यावर घातलेली मर्यादाही रद्द झाली.

मी तो निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा एका परिच्छेदावर थांबलो होतो. खटला चालू असताना अंतरिम आदेशाने बोसमनला खेळायची मोकळीक मिळाली होती. ऑक्टोबर १९९० मध्ये सेंट-क्वेंटिन या फ्रेंच क्लबने त्याला घेतलं, पण हंगाम संपताच करार संपवला. १९९२ मध्ये तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या एका क्लबकडे गेला. तिथेही करार टिकला नाही. शेवटी बेल्जियमच्या तिसऱ्या गटातल्या शार्लेरुआच्या एका क्लबकडे सही केली. युरोपातल्या क्लबांनी त्याच्यावर बहिष्कार टाकल्याचं परिस्थितीवरून दिसतं, असं राष्ट्रीय न्यायालयाने नोंदवलेलं त्या निकालात लिहिलं आहे. कामगारांच्या दाव्यांत मी हे अनेकदा पाहिलं आहे. ज्याने दावा लावला त्याला गावात दुसरं कुणी कामावर घेत नाही. लिएजमध्येही तेच घडलं.

बोसमनच्या आधीही एकाने ही भिंत धडकून पाहिली होती. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल युनायटेडचा जॉर्ज ईस्टहॅम. तिथल्या जुन्या पद्धतीत करार संपल्यावरही क्लब खेळाडूला 'राखून' ठेवू शकत असे. खेळवायचं बंधन नाही, सोडायचंही नाही. १९६० मध्ये ईस्टहॅमने नवा करार नाकारला, खेळ थांबवला आणि बुचाच्या व्यवसायात विक्रीची नोकरी धरली. अखेर ४७,५०० पौंडांना तो आर्सेनलकडे गेला, पण दावा सोडला नाही. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही राखून ठेवण्याची पद्धत म्हणजे धंद्यावर घातलेलं अवास्तव बंधन आहे असा निकाल दिला. ईस्टहॅमने करार नाकारला तेव्हा इंग्लंडच्या खेळाडूंना आठवड्याला २० पौंडांहून जास्त पगारच देता येत नसे. ती मर्यादाही खेळाडूंच्या संघटनेने संपाचा इशारा दिल्यावर १९६१ मध्ये उठली होती.

बोसमनच्या निकालाचे परिणाम तर डोळ्यांसमोर घडले. अयाक्स आम्स्टरडॅम या डच क्लबने मे १९९५ मध्ये, बहुतेक स्वतःच्या अकादमीत घडवलेल्या मुलांच्या जोरावर, चॅम्पियन्स लीग जिंकली होती. दोन वर्षांत डेव्हिड्स, रायझिगर, क्लाइव्हर्ट, बोगार्ड हे करार संपताच एसी मिलानकडे गेले आणि अयाक्सला त्यांच्याबद्दल एक पैसा मिळाला नाही. क्लबांना द्यावे लागणारे मोबदले वाचले, तो पैसा खेळाडूंच्या पगारात आला. करार लांब झाले आणि करार चालू असताना तो मोडण्याच्या किमती आकाशाला भिडल्या. २०१७ मध्ये नेमारच्या करारातली सुटकेची रक्कम भरून पॅरिसच्या क्लबने त्याला बार्सिलोनातून नेलं : २२ कोटी २० लाख युरो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण वर्तमानपत्रात 'खेळाडू विकला' असं वाचून लोकांचा गोंधळ होतो. क्लब माणूस विकत नाही. चालू असलेला करार मुदतीआधी सोडण्याची किंमत घेतो. घरमालक आणि भाडेकरू यांनी अकरा महिन्यांचा करार केला आणि भाडेकरूला सहाव्या महिन्यात जायचं असेल तर दोघं बसून काहीतरी ठरवतात, तसंच हे. अकरा महिने संपले की मालक त्याला अडवू शकत नाही.

२००१ पासून फिफाने यासाठी जगभर लागू होणारे नियम केले. २८ वर्षं पूर्ण होण्याआधी केलेल्या करारात पहिली तीन वर्षं, त्यानंतरच्या करारात पहिली दोन वर्षं 'संरक्षित'. या काळात विनाकारण करार मोडला तर नुकसानभरपाईशिवाय खेळण्यावर बंदीही येते. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. क्लबने दोन महिन्यांचे पगार थकवले आणि पंधरा दिवसांची लेखी मुदत देऊनही दिले नाहीत, तर खेळाडू करार सोडून जाऊ शकतो. वाद फिफाच्या न्यायाधिकरणाकडे आणि तिथून स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या क्रीडा लवादाकडे जातात.

हे नियमही अंतिम नाहीत. फ्रान्सच्या लासाना डियारा याचा करार मॉस्कोच्या लोकोमोटिव्ह क्लबने २०१४ मध्ये संपवला आणि त्याच्याच अंगावर १ कोटी ५ लाख युरोंची भरपाई आली. बेल्जियमचा शार्लेरुआ क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण नव्या क्लबलाही ती भरपाई भरावी लागू शकते असा नियम असल्याने मागे हटला. वकील पुन्हा द्युपाँ. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने यातले काही नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले आणि फिफाला ते बदलायला घ्यावे लागले. बोसमनपासून एकोणतीस वर्षांनी तेच न्यायालय, तोच वकील, तोच प्रश्न.

हा प्रश्न आपल्या देशातही आला आहे. २०२४ मध्ये पंजाबचा बचावपटू अन्वर अली मोहन बागानशी असलेला लोनचा, म्हणजे मुदतीपुरता उसना जाण्याचा, करार मुदतीआधी सोडून ईस्ट बंगालकडे गेला. भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली आणि मोहन बागानला १२ कोटी ९० लाख रुपयांची भरपाई मिळावी असं ठरवलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश मागे पडला आणि फेरसुनावणीची वेळ आली. दुसऱ्या बाजूने, ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचं भवितव्यच अनिश्चित झालं तेव्हा बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार बेमुदत थांबवत असल्याचं जाहीर केलं. करार कधी खेळाडू मोडतो, कधी क्लब. दोघांना धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे कागदावर काय लिहिलं आहे.

करार संपल्यावर माणूस मोकळा, हे तत्त्व आपल्या कायद्यात तर कधीपासून आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं २७वं कलम सांगतं, की कुणालाही त्याचा कायदेशीर व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो. हे कलम खेळाडूच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयात लावून धरलं गेलं ते आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानमुळे. त्याच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या पर्सेप्ट डी'मार्क कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता, तो २००३ मध्ये संपला. करारात एक कलम होतं : मुदत संपल्यावरही दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला तर तो आधी या कंपनीपुढे ठेवायचा. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की करारानंतरही माणसाला बांधणारं हे बंधन २७व्या कलमाखाली टिकत नाही. लिएजच्या मैदानावर उभा राहिलेला प्रश्न श्रीरामपूरच्या गोलंदाजाच्या निमित्ताने आपल्याकडेही सुटला.

आता क्लबांच्या त्या युक्तिवादाकडे येतो. पोरगं घडवायला खर्च येतो, माणसं राबतात. आमच्या तालमींतले कार्यकर्ते पदरचे पैसे घालून बूट आणतात, सामन्यानंतर पोरांना दूध-केळी देतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो. त्यांच्या हाती काहीच लागू नये का? लागायलाच हवं. पण ते पोराला अडवून मिळता कामा नये. त्यासाठी फिफाने वाट काढली आहे. करार चालू असताना खेळाडू पैसे देऊन दुसऱ्या देशातल्या क्लबने घेतला, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. व्यवहार १ कोटीचा असेल तर बाराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत सांभाळणाऱ्या क्लबच्या वाट्याला १ लाख रुपये येतात. अट एकच, की त्या मुलाची त्या वर्षांतली नोंदणी कागदोपत्री असायला हवी. म्हणून पेठेतल्या मंडळांना माझं सांगणं असतं, की पोरांचे कागद अडवू नका, नीट ठेवा.

हे सगळं आज लिहायचं कारण घडलं गेल्या महिन्यात. ऑफिसमध्ये एक रिक्षाचालक आणि त्यांचा मुलगा आले. मुलगा सतरा वर्षं आठ महिन्यांचा, चपळ, बोलायला लाजरा. राज्याबाहेरच्या एका क्लबने बोलावलं होतं. वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून चौदा पानी इंग्रजी करार काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "वकीलसाहेब, सही कुठं कुठं करायची तेवढं सांगा. रात्रीची गाडी हाय."

मी दोघांना चहा दिला आणि करार वाचायला घेतला. मुदत तीन वर्षांची. त्यापुढे, नवव्या पानावर, एक ओळ : क्लबला वाटल्यास त्याच पगारावर आणखी दोन वर्षं मुदत वाढवता येईल. वाढवायची की नाही ते क्लबने ठरवायचं, मुलाला विचारायची गरज नाही. म्हणजे बावीस वर्षांचा होईपर्यंत तो सतराव्या वर्षीच्या पगारावर खेळणार. मी वडिलांना सांगितलं, की अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा करार फिफा तीन वर्षांपर्यंतच मानते, त्यापुढचं ग्राह्य धरत नाही. आणि आपल्या देशात अल्पवयीन मुलाने केलेला करार मुळात चालतच नाही, म्हणून सही करताना तुम्ही पालक म्हणून समोर असायला हवं. गुडघा दुखावला तर ऑपरेशन कुणाच्या खर्चाने, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पगार कोणत्या तारखेला, हेही नव्हतं.

मुलगा इतका वेळ गप्प होता. आता म्हणाला, "सर, एवढं विचारलं तर ते नको म्हणतील."

त्या वाक्यात बोसमन होता, ईस्टहॅम होता, शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसलेला एकवीस वर्षांचा मीही होतो. मी त्याला लिएजची गोष्ट सांगितली, कागद न पाठवल्याने मोडलेला व्यवहार सांगितला. मग आम्ही तिघांनी मिळून क्लबला एक साधं, नम्र पत्र लिहिलं : मुदतवाढीचं कलम काढावं, उपचाराचा खर्च आणि पगाराची तारीख लिहावी, सही झालेली एक प्रत खेळाडूकडे द्यावी. वडिलांनी रात्रीची गाडी सोडली. चार दिवसांनी उत्तर आलं, सगळ्या गोष्टी मान्य. मुलगा गेला. त्याच्या कराराची एक प्रत आता त्याच्या घरच्या कपाटात आहे.

आपल्या भागातली मुलं आता बाहेर जाऊ लागली आहेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारतातर्फे खेळला, तेव्हापासून प्रत्येक पेठेतल्या पोराच्या डोळ्यांत ते स्वप्न आहे. त्या मुलांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे. कागद पुढे आला की घाई करू नका. एक रात्र घरी ठेवा, समजत नसेल तर समजणाऱ्याकडून मराठीत वाचून घ्या. मुदत कधी संपते, मुदत वाढवण्याचा हक्क कुणाकडे आहे, पगार कधी, दुखापत झाली तर कोण, मध्येच सोडायचं झालं तर किती, एजंट किती घेणार, एवढं पाहा. आणि सही केलेली प्रत मागून घ्या, ती न घेता उठू नका. अशी प्रत मागण्यात उद्धटपणा काही नाही.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही एवढंच सांगतो, की ज्याला जायचं आहे त्याला हंगाम संपल्यावर आनंदाने जाऊ द्या. वर्षभर पायरीवर बसवलेला पोरगा मनाने आपल्या संघाचा राहत नाही.

बोसमन खटला जिंकला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. खेळायची वर्षं निघून गेली होती. पुढे दारूचं व्यसन, नैराश्य आणि पैशाची चणचण यांनी त्याला गाठलं. हे त्याने स्वतः उघडपणे सांगितलं आहे. त्याच्या निकालाचा सगळ्यात मोठा फायदा ज्यांना झाला, ते कोट्यवधी कमावणारे खेळाडू. त्याच्या स्वतःच्या वाट्याला त्यातलं फारसं काही आलं नाही. आज जगात कुठेही एखादा खेळाडू करार संपल्यावर बॅग उचलून मनाजोगत्या क्लबकडे जातो, तेव्हा ती वाट पाच वर्षं चार महिने चाललेल्या एका दाव्याने मोकळी केलेली असते.